वाचकांचे प्रश्न : उंचीवरची मालबेक

मागील अंकात द्राक्षांच्या जातींविषयी लिहिताना मालबेक या द्राक्षाचा आणि त्यापासून अर्जेंटिनात होणाऱ्या लाल वाइनचा दोन ओळींत उल्लेख केला होता. त्या दोन ओळींवर पुणे शहरातून आणि जिल्ह्यातून इतकी पत्रे आली, की या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला द्यावे असे ठरवले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या मुलाने परदेशातून येताना मालबेकची एक बाटली आणली. तिच्या मागील चिठ्ठीवर 'समुद्रसपाटीपासून ११०० मीटर' असे ठळक अक्षरांत छापले आहे. हापूसच्या पेटीवर कोणी गावाची उंची छापत नाही. मग वाइनवर ती छापण्याचे प्रयोजन काय? ही केवळ जाहिरात समजावी का? (निवृत्त शिक्षक, कर्वेनगर)

उत्तर : त्यात जाहिरातीचा भाग आहेच, परंतु त्या आकड्यामागे खरी शेती आहे, आणि ती समजून घेतली तर आपल्या बाटलीविषयी इतर कोणत्याही वर्णनापेक्षा अधिक कळते. म्हणून या प्रश्नाला थोडा जास्त वेळ देतो.

आपली बाटली बहुधा मेंडोसा प्रांतातील असावी. अर्जेंटिनाच्या पश्चिमेला अँडीज पर्वताच्या पायथ्याशी हा प्रांत आहे. पॅसिफिक महासागरावरून येणारे बाष्प पर्वत अडवतो, पाऊस आणि बर्फ चिलीच्या बाजूला आणि शिखरांवर पडते, आणि पूर्वेकडच्या मेंडोसाला वर्षाकाठी जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस मिळतो. पुणेकरांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. महाबळेश्वरला धो धो पाऊस कोसळत असताना फलटण आणि बारामतीचे आकाश कोरडे का राहते, हे आपण भूगोलात पर्जन्यछायेच्या धड्यात शिकलो आणि पुढे डोळ्यांनीही पाहिले. मेंडोसा म्हणजे अँडीजच्या पर्जन्यछायेतील माणदेश समजा. फरक एवढाच, की त्यांच्या डोंगरावर बर्फ साठते आणि उन्हाळ्यात वितळून खाली येते. ते पाणी पाटांनी शेतात नेण्याची पद्धत स्पॅनिश लोक तेथे येण्यापूर्वीच्या हुआर्पे लोकांपासून चालत आली आहे, आणि पाण्याची पाळी सांभाळणारा, आपल्याकडच्या पाटकऱ्यासारखा माणूस तेथे आजही असतो. नव्या बागा मात्र बहुतेक ठिबकवर आहेत.

आता उंचीकडे वळू. मेंडोसा शहर साधारण ७५० मीटर उंचीवर आहे आणि तेथील उन्हाळा कडक असतो. दर १०० मीटरला तापमान सुमारे ०.६ अंशाने उतरते. म्हणजे आपल्या बाटलीतील द्राक्षे शहरापेक्षा सरासरीने दोन अंश थंड हवेत पिकली. दोन अंश म्हणजे काहीच नाही असे वाटेल, पण ते दोन अंश घडाला पिकण्याच्या संपूर्ण काळात, दिवसरात्र मिळत राहतात. त्यामुळे साखर सावकाश भरते आणि तोडणी पुढे जाते, आणि त्या वाढीव दिवसांत सालीतील रंग, तुरटपणा आणि गंध तयार व्हायला सवड मिळते.

याहून महत्त्वाची गोष्ट रात्रीची आहे. कोरड्या, विरळ हवेत दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळताच झपाट्याने निवते. आपल्याकडे जानेवारीत दुपारी स्वेटर काढून हातात घ्यावा लागतो आणि त्याच दिवशी पहाटे पाषाणच्या रस्त्यावर दुचाकी चालवताना बोटे गारठतात. तसा पंधरा-पंधरा अंशांचा फरक त्या बागांना ऐन पिकण्याच्या हंगामात मिळतो. द्राक्षाचा मणी रात्रीही श्वसन करतो आणि त्या श्वसनात त्याच्यातील आम्ल खर्च होते. रात्र उबदार असेल तर आम्ल भराभर संपते आणि उरतो तो नुसता गोडवा. रात्र थंड असेल तर आम्ल शिल्लक राहते. भरदार वाइन पिताना तोंडाला पाणी सुटते की जडपणा येतो, हे पुष्कळसे या शिल्लक राहिलेल्या आम्लावर ठरते.

तिसरी गोष्ट उन्हाची. दर हजार मीटरला अतिनील किरणांचा मारा सुमारे १० टक्क्यांनी वाढतो. वेलाला त्यापासून आपले बी वाचवायचे असते, म्हणून तो मण्याची साल जाड करतो आणि तिच्यात रंगद्रव्ये साठवतो. मालबेकची साल मुळातच रंगाने श्रीमंत. उंचीवर ती अधिकच गडद होते. थंड हवा आणि प्रखर ऊन ही जोडी मैदानात एकत्र मिळत नाही. ती फक्त उंचीवर मिळते, आणि चिठ्ठीवरच्या त्या आकड्याचा खरा अर्थ हाच आहे.

परंतु आकडा एकटा वाचू नये. मेंडोसा ३३ दक्षिण अक्षांशावर आहे. उत्तरेला, विषुववृत्ताच्या अधिक जवळ, साल्टा प्रांतात २५ अक्षांशाच्या आसपास गेले की तोच गारवा मिळवण्यासाठी कितीतरी वर चढावे लागते. तेथील काफायते हे गावच सुमारे १६८० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहून किंचित वर वसलेले आहे, आणि त्याच प्रांतात कोलोमे या वाइनरीची एक बाग ३१११ मीटरवर आहे. कळसूबाईवर दुसरे कळसूबाई ठेवले तरच त्या बागेच्या उंचीपर्यंत पोहोचता येईल. याउलट मेंडोसात ऊको खोऱ्यामध्ये १५०० मीटरच्या आसपास द्राक्षे पिकतील की नाही, अशीच शंका एके काळी घेतली जात होती. तेथील वाइन-उत्पादक निकोलास कातेना यांनी १९९२ मध्ये याच खोऱ्यातील ग्वालताझारी भागात जवळजवळ ५००० फुटांवर, महाबळेश्वरपेक्षाही उंच, बाग लावली तेव्हा तेथे फळ पिकणार नाही असा अनेकांचा होरा होता. ती बाग पिकली, आणि त्यानंतर अर्जेंटिनातील बागायतदार डोंगराकडे सरकू लागले.

म्हणून सर्वांत उंच ती सर्वांत उत्तम, असा समज करून घेऊ नये. माझ्या मते फार उंचावरच्या काही वाइन पहिली काही वर्षे इतक्या कडक आणि आवळलेल्या असतात, की नव्या माणसाला त्यांत आनंद वाटणार नाही. आपल्या बाटलीवरील ११०० मीटर हा मेंडोसाच्या दृष्टीने समतोल आकडा आहे.

प्रश्न : इंग्रजी लेखांतून मालबेकला 'फुल-बॉडीड' म्हणतात. द्रवाला अंग कसले? आणि रंग एवढा गडद असतो, तो बाहेरून मिसळतात का? (गृहिणी, सहकारनगर)

उत्तर : पाणी, पातळ ताक आणि सायीचे दूध एकामागून एक जिभेवर घेऊन पाहा. चव बाजूला ठेवली तरी वजनातला फरक लगेच जाणवेल. वाइनचे अंग म्हणजे हेच वजन. त्यात अल्कोहोलचा वाटा मोठा असतो, आणि मालबेकमध्ये ते सामान्यतः १३.५ ते १४.५ टक्के असते. उरलेला वाटा सालीतून उतरलेल्या टॅनिनचा. टॅनिनसाठी आपल्या भाषेत नेमका शब्द तयार आहे : तुरटपणा. चहा जास्त उकळला की हिरड्यांवर जो कोरडेपणा येतो, अर्धकच्चे जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी ओढली जाते, ते टॅनिन. मालबेकचा तुरटपणा बहुधा मऊ असतो. कॅबरने सोविन्यॉन या दुसऱ्या लाल जातीसारखा टोचणारा नसतो. म्हणूनच लाल वाइनची ओळख करून घेणाऱ्याला मी ही जात आधी सुचवतो.

रंग बाहेरून मिसळण्याची गरज नसते, कारण तो सालीतच असतो. हे मी स्वतः ज्या दिवशी पाहिले तो दिवस अजून आठवतो. फेब्रुवारीच्या सकाळी नारायणगावजवळच्या एका बागेत मालकांनी लाल वाइनसाठीच्या जातीचा एक काळा मणी तोडून माझ्या तळहातावर चिरडला. रस आला तो फिकट हिरवट, जवळजवळ पाण्यासारखा. मग त्यांनी उरलेली साल माझ्या पांढऱ्या रुमालावर अंगठ्याने घासली, आणि रुमालावर जांभळा पट्टा उमटला. तो डाग तीन धुण्यांनंतरही पूर्ण गेला नाही. लाल वाइन करताना रस आणि साली एकत्र आंबवतात. आंबताना साली फुगून वर तरंगतात आणि जाड थर धरतात, आणि तो थर दिवसातून दोन-तीन वेळा रसात दाबला जातो किंवा खालचा रस पंपाने त्याच्यावर सोडला जातो. एक-दोन आठवडे हे चालते. रंग, तुरटपणा, गंध, सारे त्या काळात सालीतून उतरते.

काही मोजक्या जातींचा गरही रंगीत असतो. आपल्या पुण्याच्याच मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने विकसित केलेली 'मांजरी मेडिका' ही रसासाठीची जात तशी आहे. मालबेकचा गर मात्र रंगहीन असतो.

घरी पेला थोडा तिरपा करून पांढऱ्या कागदावर धरा. मध्यभागी वाइन जवळजवळ काळी दिसेल. कडेला मात्र, जिथे थर पातळ होतो तिथे, जांभळे खाल्ल्यानंतर जिभेवर दिसते तशी गुलाबी-जांभळी किनार दिसेल. तरुण मालबेकची ती किनार मला फार सुंदर वाटते. वाइन जुनी होत जाते तशी ती विटकरी होते.

प्रश्न : मालबेक ही मुळात फ्रान्सची जात आहे असे ऐकले. मग सगळीकडे अर्जेंटिनाचेच नाव का? (विद्यार्थी, सदाशिव पेठ)

उत्तर : आपण ऐकले ते बरोबर आहे. नैर्ऋत्य फ्रान्समध्ये लॉट नदीच्या वळणांवर काओर नावाचे गाव आहे. तेथे ही जात शतकानुशतके आहे, आणि तिथल्या वाइनला रंगामुळे पूर्वापार 'काळी वाइन' म्हणत. जनुकीय तपासणीतून तिचे आईबापही कळले आहेत : 'मादलेन न्वार दे शारांत' आणि 'प्रुनलार'. यांपैकी पहिली ही मर्लो या दुसऱ्या लाल जातीचीही आई, त्यामुळे मालबेक आणि मर्लो ही नात्याने सावत्र भावंडे ठरतात.

१८५३ मध्ये मिशेल एमे पूजे नावाच्या फ्रेंच कृषितज्ज्ञाने ही जात मेंडोसात नेली. पुढे अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या सार्मिएंतो यांचा या कामी पुढाकार होता. फ्रान्सच्या धर्तीवर कृषी-विद्यालय आणि रोपवाटिका काढण्याचा प्रस्ताव त्या वर्षी १७ एप्रिलला मेंडोसाच्या विधिमंडळापुढे आला. आज १७ एप्रिल हा जागतिक मालबेक दिन म्हणून पाळतात, तो त्यामुळे.

यानंतर दैवाने फ्रान्सकडे पाठ फिरवली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलोक्सेरा ही मुळांवरची कीड युरोपभर पसरली आणि काओरच्या बागा उद्ध्वस्त झाल्या. त्यातून सावरताहेत तोच १९५६ च्या फेब्रुवारीत अशी थंडी पडली, की वेलच्या वेल गोठून मेले. तेथील शेतकऱ्यांनी पुन्हा लागवड केली आणि १९७१ मध्ये काओरला अधिकृत मानांकन मिळाले. त्या नावाच्या वाइनमध्ये मालबेक किमान ७० टक्के असावी लागते. मेंडोसाच्या कोरड्या, वालुकामय जमिनीत मात्र त्या किडीचा उपद्रव मर्यादित राहिला, त्यामुळे एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधून आलेल्या काड्यांचा वंश तेथे अखंड चालला. आज अर्जेंटिनात ही जात ४०,००० हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर आहे, आणि फ्रान्स पुष्कळ मागे आहे.

दोन्हींच्या चवीत फरक आहे. काओरची अधिक करडी, मातकट, तुरट. मेंडोसाची अधिक फळांची, आलुबुखाराची आणि पिकलेल्या जांभळाची. काओरचे खोरे समुद्रसपाटीपासून फार उंच नाही, त्यामुळे पहिल्या उत्तरातील प्रखर ऊन आणि थंड रात्रीची जोडी तेथे नाही. जात एकच असताना जागा काय करते, हे पाहायचे असेल तर या दोन बाटल्या शेजारी ठेवाव्यात.

प्रश्न : आमची जुन्नर तालुक्यात चार एकर द्राक्षबाग आहे, सर्व खायची द्राक्षे. मालबेक आपल्याकडे होईल का? भाचा म्हणतो की महाबळेश्वर-पाचगणीकडे जमीन घेऊन उंचीवर लावावी. (बागायतदार, जुन्नर)

उत्तर : दादा, आपल्या पत्राला मी सर्वांत जास्त वेळ दिला, कारण यात आपला पैसा आणि आपली वर्षे गुंतणार आहेत.

आधी महाबळेश्वर. उंची १३५० मीटरच्या घरात, म्हणजे कागदावर ऊको खोऱ्याच्या तोडीची. पण मेंडोसाला वर्षभरात जेवढा पाऊस मिळतो तेवढा महाबळेश्वरला पावसाळ्यातल्या एखाद्या दिवसात पडू शकतो. वर्षाचा आकडा ५००० मिलिमीटरच्या वर जातो. चार महिने धुके आणि ओल. तेथे डाऊनी आणि भुरी हे बुरशीचे रोग येतील, मुळे पाण्यात उभी राहतील. मालबेक तर इतर जातींपेक्षा डाऊनीला आणि घडकुजीला लवकर बळी पडणारी. शिवाय तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित आहे, हेही विसरून चालणार नाही. भाच्याला माझ्या वतीने सांगा, की उंची ही एकटीने कामाला येत नाही. तिला कोरडेपणाची सोबत लागते. आपल्या सह्याद्रीत जिथे उंची आहे तिथे कोरडेपणा नाही, आणि जिथे कोरडेपणा आहे तिथे उंची नाही.

आता जुन्नरचा विचार करू. येथे मालबेकला जगवणे अवघड नाही. पिकवणे अवघड आहे, आणि त्याचे कारण हंगामात आहे. आपण एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी करून वेलाकडून हिवाळ्यात फळ घेतो. दक्षिण गोलार्धातल्या मेंडोसातही तोडणी फेब्रुवारी ते एप्रिल या काळातच येते. तारखा जवळपास त्याच, पण हवेची दिशा उलटी. त्यांच्याकडे मण्यांत पाणी उतरल्यानंतर, म्हणजे मणी पिकू लागल्यावर, उन्हाळा ओसरू लागतो, रात्री रोज थोड्या अधिक गार होत जातात, आणि बागायतदार घड वेलावर ठेवून निवांत वाट पाहू शकतो. आपल्याकडे पाणी उतरते तेव्हा थंडी असते आणि पुढे प्रत्येक आठवड्याला ऊन चढत जाते. जानेवारीत आम्ल चांगले असते पण साल पुरती पिकलेली नसते. मार्चची वाट पाहावी तर साखर उडी मारते आणि आम्ल कोसळते. उशिरा तयार होणाऱ्या लाल जातींपुढे आपल्या पठारावर हा पेच असतोच. मालबेक मध्यम काळात तयार होते, एवढा एक मुद्दा तिच्या बाजूचा आहे.

आणखी एक गोष्ट. फुलोऱ्यात हवा बिघडली तर मालबेकची फुले आणि बारीक मणी गळतात आणि घड विरळ राहतात. फ्रान्समधले शेतकरी या खोडीला जुन्या काळापासून वैतागलेले आहेत. गारपिटीचे दुःख मात्र दोन्हीकडे सारखे आहे. मेंडोसात उन्हाळ्यातील गारा अर्ध्या तासात वर्षाचे पीक झोडपतात, म्हणून तेथे ओळींवर काळ्या जाळ्या अंथरलेल्या दिसतात. त्या जाळीचा खर्च काय असतो आणि ती न घेतल्याचा खर्च काय असतो, हे जुन्नरच्या माणसाला मी काय सांगावे?

माझा सल्ला असा. चार एकरांतील एक गुंठाही आत्ता उपटू नका. आधी मांजरीच्या केंद्रात जाऊन वाइनच्या जातींवरील तेथील अनुभव विचारा, आपल्या मातीला आणि पाण्याला कलमासाठी कोणता खुंट मानवेल ते विचारा, आणि लावायचीच असेल तर चार-सहा ओळी लावून तीन हंगाम पाहा. आणि खरेदीदाराशी लेखी करार झाल्याशिवाय त्यापुढे जाऊ नका. वाइनची द्राक्षे बाजार समितीत नेऊन विकता येत नाहीत. मणी लहान, बिया मोठ्या, साल जाड, खाणारा कोणी नाही. राज्याचे २००१ चे वाइनविषयक धोरण आल्यानंतर अनेकांनी उत्साहाने या जाती लावल्या आणि २००८ नंतरच्या मंदीत उठाव नाही म्हणून त्याच बागांवर कुऱ्हाड चालवली. उपटलेल्या वेलांचे ढीग बांधावर रचलेले मी पाहिले आहेत. तशी वेळ आपल्यावर येऊ नये.

प्रश्न : मालबेक कोणत्या तापमानाला आणि कशाबरोबर द्यावी? पुस्तकांत 'खोलीच्या तापमानाला, भाजलेल्या गोमांसाबरोबर' असे असते. (दांपत्य, बाणेर)

उत्तर : खोलीचे तापमान हा शब्द युरोपातल्या जुन्या दगडी घरांतून आला आहे, तेथे खोली १६ ते १८ अंशांवर असे. पुण्यात एप्रिलमध्ये संध्याकाळीही घरात तीस अंशांवर पारा असतो. तेवढ्या उष्णतेत १४ टक्क्यांच्या वाइनमधून नुसता अल्कोहोलचा भपका येतो आणि फळ हरवते. बाटली फ्रिजमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवा, बाहेर काढा, उघडा आणि पेल्यात ओतून पंधरा मिनिटे थांबा. हाताला गार लागेल पण बर्फासारखी नाही, अशी असावी.

अर्जेंटिनात ती निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाबरोबर पितात, कारण चरबी आणि मीठ तुरटपणाला मऊ करतात. आपल्याकडे त्यासाठी मटण सुके घ्यावे, भाजलेल्या खोबऱ्याच्या आणि कांद्याच्या वाटणातले, तिखट बेताचे. तांबड्या रश्शाबरोबर मात्र घेऊ नका. तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना चेतवतात, तुरटपणा जिभेवर खरखरीत होतो, आणि चांगला रस्सा व चांगली वाइन दोन्ही वाया जातात. शाकाहारी घरांसाठी माझी पहिली पसंती भरल्या वांग्यांना आहे. दाण्याचे कूट, तीळ आणि गोडा मसाला यांच्या स्निग्धतेत मालबेक फार छान मिसळते. काळ्या वाटाण्याची उसळही जुळते. आंबट आमटी, चिंचेचे सार, कैरीचे लोणचे यांच्याबरोबर ती पातळ आणि बेचव लागते.

प्रश्न : लाल वाइन हृदयाला चांगली म्हणतात. मला मधुमेह आहे, वय ६२. रोज एक पेला चालेल का? (वाचक, कोथरूड)

उत्तर : औषध म्हणून वाइन सुरू करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे, की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही. मालबेकसारख्या कोरड्या लाल वाइनमध्ये साखर फार थोडी उरते हे खरे. पण मधुमेहाच्या काही औषधांबरोबर मद्य घेतल्यास रक्तातील साखर एकदम खाली जाऊ शकते. आपल्या डॉक्टरांना औषधांची यादी दाखवून विचारा, आणि ते नाही म्हणाले तर ते ऐका.

प्रश्न : पहिल्या प्रश्नातच मला आणखी विचारायचे होते. ही बाटली २०२१ ची आहे. मुलाच्या लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला, म्हणजे २०३१ मध्ये, उघडावी अशी पत्नीची इच्छा आहे. टिकेल का? (तेच निवृत्त शिक्षक, कर्वेनगर)

उत्तर : गुरुजी, उंचीवरच्या चांगल्या मालबेकमध्ये दहा वर्षे टिकण्याइतके आम्ल आणि टॅनिन असू शकते, साधी, रोजच्या जेवणासाठी केलेली मालबेक मात्र तीन ते पाच वर्षांत प्यावी. बाटली कोणत्या प्रकारची हे चिठ्ठीवरून थोडे कळते. एखाद्या ठराविक बागेचे नाव आणि लाकडी पिंपात किती महिने ठेवली हे लिहिलेले असेल, तर तिच्यात टिकण्याची ताकद असण्याची शक्यता जास्त.

पण वाइनपेक्षा मला पुण्याच्या मे महिन्याची चिंता वाटते. काही वर्षांपूर्वी मी शहरातल्या एका दुकानातून चांगली मालबेक घेतली होती. बाटली दर्शनी काचेत उभी होती आणि तिच्यावर दुपारचे ऊन येत होते. माझ्या ते लक्षात आले, तरी घेतली. घरी पाहिले तर बूच अर्धा सेंटिमीटर वर सरकले होते आणि मानेवर चिकट ओघळ वाळला होता. आतली वाइन शिजलेल्या मुरंब्यासारखी लागली, मागे किंचित शिरक्याचा वास. अँडीजच्या थंड रात्रींनी जे जपले होते ते काचेतल्या काही दुपारींनी घालवले.

म्हणून बाटली स्वयंपाकघरात ठेवू नका, फ्रिजच्या वर तर मुळीच नको, आणि माळ्यावरही नको, कारण स्लॅबची सगळी धग तेथे साठते. घरातली उत्तरेकडची, ऊन न येणारी खोली निवडा. तेथील लोखंडी नव्हे तर लाकडी कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, जुन्या सुती साडीत गुंडाळून, आडवी ठेवा, म्हणजे बूच ओले राहील. उन्हाळ्याचे तीन महिने ती फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात हलवली तरी चालेल. एवढे करूनही २०३१ पर्यंत थांबणे मला धोक्याचे वाटते. वहिनींना विचारून पाहा, पाचवा वाढदिवस चालेल का. २०२६ मध्ये ती उत्तम स्थितीत असेल. उघडण्याच्या आदल्या दिवशी ती उभी करून ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. तो गाळ रंगद्रव्यांचा आणि आम्लाच्या स्फटिकांचा असतो, बाधत नाही. ओतताना शेवटचा अर्धा पेला बाटलीतच राहू द्या.